सटनकडे

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते, ते पडद्यावरच्या नावांना हाक मारायचे. नाव नुसतं वाचायचे नाहीत, हाक मारायचे. आधी चष्मा कपाळावर सरकवायचा, मान थोडी डावीकडे कलती करायची, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलवावं इतक्या आवाजात म्हणायचं, "प्रेस्टन." मग थांबायचं. तीन-चार श्वास गेले की चष्मा खाली आणि माउसचं बटण दाबायचं. नवीन आलेली पोरं पहिल्या दिवशी हसायची, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघायची आणि आठवडाभरात जागा बदलून मागायची.

आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. वय पासष्टीच्या आसपास. उभं आयुष्य एका छापखान्यात इंग्रजी मुद्रितं तपासण्यात गेलेलं. तो बंद पडला तेव्हा ते आमच्याकडे आले.

काम सांगायला सोपं होतं. कोथरूडच्या एका गल्लीत खाली दातांचा दवाखाना, त्याच्यावर दहावीचे क्लास आणि तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. इंग्लंडमधून जुन्या कागदांची छायाचित्रं यायची. चर्चच्या दफनाच्या वह्या, शुश्रूषागृहांची हजेरीपत्रकं, कुणाकुणाची पत्रं. त्यातल्या प्रत्येक नावाभोवती चौकट आखायची आणि ते नाव माणसाचं की गावाचं हे ठरवून तिला रंग द्यायचा. माणूस हिरवा, गाव निळं. इतरांच्या चौकटी तपासून मंजूर-नामंजूर करणं हे माझं काम.

अडचण एकच होती. इंग्रजांची निम्मी आडनावं म्हणजे गावांचीच नावं. आपण निदान शेवटी 'कर' लावतो, त्यांना त्याचीही गरज वाटत नाही. आजूबाजूला वाक्य असलं तर कळतं. नुसता एक शब्द रकान्यात पडलेला असला की आमची मुलं नाणं उडवायची. असे सगळे संशयित शब्द काकांकडे जायचे आणि काका हाक मारायचे.

"यातून कळतं काय तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"माणूस असला तर आवाज थांबतो," ते म्हणाले. "गाव असलं तर पुढे जातो. गावाला पाठ नसते, मॅडम. आवाज कुठे आपटणार?"

मला हे पटलं नाही. मी नोकरीच संशय घेण्याची करत होते. एका दुपारी मी बारा चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीवर एक नाव, मागेपुढे काही नाही. उत्तरं माझ्याकडे वेगळ्या कागदावर. काकांनी चहा बाजूला ठेवला आणि बारा हाका मारल्या. अकरा उत्तरं बरोबर आली. बाराव्या चिठ्ठीवर 'बर्टन' होतं. माझ्या कागदावर लिहिलं होतं गाव. काका म्हणाले, "माणूस. आणि त्याला बरं नाहीये."

मी जागेवर येऊन मूळ पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं की बर्टनला मंगळवारीही उतार पडला नाही. माझ्या हातून उत्तर लिहितानाच चूक झाली होती. मी चिठ्ठ्या फाडून टाकल्या आणि कुणाला काही बोलले नाही.

त्यांच्या इतर सवयीही या हाकेच्या आसपासच्या होत्या. कुणाच्याही पाठीमागून ते कधी नाव घ्यायचे नाहीत. तुमच्याशी बोलायचं असलं की टेबलाला वळसा घालून समोर यायचे आणि मग तोंड उघडायचे. आमच्या मॅनेजरना मात्र मागून ओरडायची सवय होती. काका ढिम्म हलायचे नाहीत.

"अहो काका, ऐकू येत नाही का?"

"येतं की," काका पडद्याकडे बघतच म्हणायचे. "पण मी पाठीवर ओ देत नाही. तोंड दाखवा, मग बोलू."

'कर' लावणारा कुणी नवा भेटला की त्याची चौकशी ठरलेली. त्या गावाला गेला आहात का? गेलो नाही म्हटलं की काका शांतपणे सांगायचे, "मग वापरता कशाला ते आडनाव? परत करा."

त्यांचं स्वतःचं आडनावही गावावरूनच होतं. ते कसं आलं हे त्यांनी मला डबा खाताना सांगितलं. त्यांचा डबा भिंतीकडे तोंड करून असायचा, पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची वळवली.

"माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा जुनं आडनाव टाकलं. ते नाव म्हणजे नाव नव्हतंच, लोकांनी मारलेली हाक होती. नवं काय घ्यायचं? म्हणून गावाचं घेतलं. त्या गावानं आम्हाला विहिरीवर चढू दिलं नव्हतं. वडील म्हणायचे, पाणी नाही दिलंत ना, मग नाव नेतो." एक घास खाऊन ते म्हणाले, "माणसाला हवं तेव्हा गावाचं नाव उचलता येतं. गावाला विचारावं लागत नाही."

तेव्हा मला ही नुसती एक चांगली गोष्ट वाटली होती.

साधारण दीड वर्षानं माझ्या लक्षात एक गोष्ट आली. काकांकडून येणाऱ्या कामात एकही चौकट अडलेली नसायची, एक शब्द सोडून. सटन. हा शब्द जिथे जिथे आला तिथे तिथे त्यांनी 'अनिर्णित' असा शेरा मारून माझ्याकडे ढकलला होता. वाक्यात स्पष्ट असलं तरी. 'श्रीमती सटन यांना मुलगा झाला' असं लिहिलेलं असलं तरी अनिर्णित. मी मागची कामं उघडून पाहिली. पहिल्या दिवसापासून हेच.

मी समोर जाऊन उभी राहिले. "काका, सटनचं काय आहे?"

"तुम्हीच ठरवा तो," ते म्हणाले. "मला बाकीचे पुरे आहेत."

"पण तुम्ही हाक का मारत नाही?"

त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "सटनचा अर्थ माहितीये? दक्षिणेकडची वस्ती. आपल्या भाषेत खालची वाडी. त्या देशात जिथे वरती एक गाव आहे, तिथे खाली एक सटन आहे. किती असतील मोजून बघा. आणि त्या प्रत्येक गावातून बाहेर पडलेला माणूसही सटनच."

मग त्यांनी आक्काची गोष्ट सांगितली.

त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी बहीण, इंदू. हे तिला आक्का म्हणायचे. नर्सिंग शिकून शहरातल्या एका इस्पितळात लागली होती. काका चौदा वर्षांचे असताना घरात कसला तरी वाद झाला. कशावरून हे त्यांना कधीच कुणी सांगितलं नाही. लग्न असेल, परदेश असेल, दोन्ही असेल. दुपारी तीनच्या सुमाराला आक्का बॅग घेऊन घरातून निघाली. हे खिडकीत उभे होते. मागे वडील येऊन उभे राहिले, त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हाक मारायची नाही."

"आक्का कोपऱ्यापर्यंत गेली," काका म्हणाले. "तिथे तिनं बॅग खाली ठेवली. या हातातून त्या हातात घ्यायला. पण तेवढ्याला किती वेळ लागतो? ती थांबली होती, मॅडम. माझ्याकडे पाठ करून थांबली होती. माझ्या तोंडात हाक आलेली होती. मग तिनं बॅग उचलली."

चिठ्ठी दुसऱ्या दिवशी यांच्या गणिताच्या वहीत सापडली. 'मी सटनकडे जाते आहे. माझी काळजी करू नये. अभ्यास करावा.' बस.

"सटनकडे," काका म्हणाले. "आता सांगा. एखाद्या माणसाकडे जाते, की एखाद्या गावाकडे जाते? मराठीत दोन्ही तसंच म्हणतात."

छापखान्यात नोकरी लागल्यावर त्यांनी इंग्लंडचा नकाशा मिळवला आणि एकेका सटनच्या पोस्टमास्तरला पत्रं लिहिली. काहींची उत्तरं आली, अतिशय सभ्य. अशी कुणी बाई इथे नाही. इस्पितळात विचारलं, तिथे सटन नावाचा डॉक्टर कधी नव्हता. वडील वारले, आई वारली. घरात तिचं नाव घ्यायचं नाही हा नियम मात्र राहिला.

"मग तर हाक मारून बघायला हवी," मी म्हटलं. मला काय म्हणायचं होतं कोण जाणे.

"आणि आवाज पुढे गेला तर?" ते म्हणाले. "पुढे पुढेच गेला तर?"

त्यानंतर महिनाभरात वरून निरोप आला की अनिर्णित शेरे आता चालणार नाहीत. मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्या काकांना सांगा, सगळं सोडवायचं. नाहीतर त्यांच्या जागी कुणीही बसेल. नाणं आमच्याकडेही आहे." मी ते काकांना सांगितलं. ते नुसते "बरं" म्हणाले.

ती दुपार गुरुवारची होती. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जायची. पंखे, एसी, खालच्या दवाखान्यातलं ते दात कोरायचं यंत्र, सगळं एकदम बंद व्हायचं आणि संगणक तेवढे बॅटरीवर चालू राहायचे. मुलं चहाला उतरली होती. मी माझ्या जागेवर होते, काका त्यांच्या. मध्ये दोन रिकाम्या खुर्च्या.

"मॅडम, जरा इकडे येता?"

मी गेले. पडद्यावर एका शुश्रूषागृहाचं कर्मचाऱ्यांचं रजिस्टर होतं. निळ्या शाईतलं सरळ अक्षर. प्रत्येक ओळीत नाव, आडनाव, हुद्दा. एकाच ओळीत नावाच्या रकान्यात फक्त 'सटन' आणि पुढे 'रात्रपाळी'. बाकी कोरं.

"सोडवायचं आहे ना," काका म्हणाले. त्यांनी चष्मा वर सरकवला. मान कलती केली. मला वाटलं थांबवावं, पण थांबवायचं कारण काय सांगणार?

"सटन," त्यांनी हाक मारली.

इतक्या वर्षांत त्या खोलीत इतकी शांतता मी ऐकली नव्हती. आवाज गेला. कुठेतरी गेला. आणि मग मला ओ ऐकू आली.

मी हे सजवून सांगत नाही. बाईचा आवाज होता. फार लांबचा नाही, अगदी जवळचाही नाही. आतल्या खोलीत काहीतरी निवडत बसलेली बाई मान वर न करता जशी ओ देते, तशी. "ओ." थोडीशी लांबवलेली. ती माझ्या मागून आली. माझ्या मागे भिंत होती.

काका हलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "ऐकलंत?"

"नाही," मी म्हटलं.

मी खोटं का बोलले याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. हो म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं, आणि मला त्या खोलीत रोज आठ तास बसायचं होतं. एवढंच. काकांनी मान डोलावली, चष्मा खाली घेतला आणि चौकटीला हिरवा रंग दिला. माणूस.

ती चौकट माझ्याकडे तपासायला आली तेव्हा मी तिला हात लावला नाही. त्याऐवजी मी नियमातच बसणारी एक गोष्ट केली. शंका असली तर पाठवणाऱ्यांना विचारता यायचं. मी विचारलं, की या ओळीतला सटन माणूस की ठिकाण, आणि आणखी काही माहिती मिळेल का. अशा शंकांना एका शब्दात उत्तर यायचं. या वेळी दीड आठवड्यानं चांगलं लांबलचक उत्तर आलं. तिकडे कागद सांभाळणाऱ्या कुणी बाई असाव्यात, त्यांनी खोदून काढलं होतं. सटन ही व्यक्ती आहे. भारतातून आलेली परिचारिका. तिचं आडनाव तिथे कुणाला उच्चारता येईना, तेव्हा आल्यावर ज्या गावात ती पहिल्यांदा राहिली त्याचंच नाव तिनं आडनाव म्हणून कायद्यानं लावून घेतलं. शेवटी लिहिलं होतं, पुढच्या गठ्ठ्यात त्याच गावच्या चर्चची दफनाची वही येत आहे, त्यातही त्या सापडतील.

मी तो कागद छापून काकांच्या समोर ठेवला. समोरूनच. त्यांनी मुद्रित तपासतात तसा ओळीखाली बोट ठेवून दोनदा वाचला.

"म्हणजे गावाकडेच गेली," ते म्हणाले, "आणि मग स्वतःच ते झाली." मग कागदाची घडी घालत म्हणाले, "बापाची लेक."

दफनाची वही पुढच्या महिन्यात आली. ते पान मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. इंदू सटन. वय एकसष्ट. शेवटच्या रकान्यात, जन्मगाव, पूना. वारसांच्या जागी आडवी रेघ. ती वारल्याला तेव्हा बरीच वर्षं होऊन गेली होती. म्हणजे त्या गुरुवारीसुद्धा.

काकांनी आधी 'इंदू सटन'भोवती चौकट आखली आणि हिरवी केली. मग 'पूना'भोवती, ती निळी. मी म्हटलं, "काका, आज घरी जा." ते म्हणाले, "पान पूर्ण करतो." आणि खालची सगळी नावं एकामागून एक पुरी केली, हाक न मारता. त्यातली चार चुकली होती. त्यांच्या कामात मला सापडलेल्या त्या पहिल्या चुका.

महिनाअखेरीला त्यांनी नोकरी सोडली. मॅनेजरनी पुष्पगुच्छ दिला, तो त्यांनी खाली दवाखान्यात ठेवला आणि बस पकडली.

दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेले. बोपोडीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीत तुळतुळीत पुसलेला रेडिओ. काकू स्वयंपाकघरात चहा ठेवत होत्या. मी मदतीला म्हणून आत गेले, तर त्या हळूच म्हणाल्या, "आता नावं घेत नाहीत हे. ते बंद झालं. पण दुसरंच सुरू झालंय."

"काय?"

"जेवता जेवता मध्येच ओ देतात. मी हाक मारलेली नसते. विचारलं तर म्हणतात, तुला नाही दिली." त्यांनी गॅस बारीक केला. "आधी वाटायचं वय झालं. पण ओ कशी देतात माहितीये? लहान मुलं देतात ना खेळता खेळता, तशी. मला आता त्याची भीती वाटत नाही. ज्या दिवशी देत नाहीत त्या दिवशी वाटते."

बाहेर येऊन मी काकांच्या समोर बसले. चहा झाला. मग मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी ऐकलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही नाही म्हणालात, पण त्याआधी मागे वळून बघितलंत."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, माफी कसली. साक्षीदार होतात, तेवढं पुरे. नाहीतर मी आजवर स्वतःला वेडा म्हणत बसलो असतो." मग बशी खाली ठेवत, तोंड अर्धवट खिडकीकडे वळवून, अगदी सहज, चौदा वर्षांच्या मुलाच्या सुरात ते म्हणाले, "ओ. आलो." आणि पुन्हा माझ्याकडे वळून विचारलं, "मॅनेजर कसे आहेत? ओरडतात का अजून?"

मी उतरून बसस्टॉपवर आले आणि मिळाली ती पहिली बस पकडली.

पुढच्या मार्चमध्ये ते सगळं काम संपलं. पाठवण्याआधी प्रत्येक पान शेवटचं एकदा डोळ्यांखालून घालायचं असतं. दफनाच्या वहीतलं ते पान आलं. हिरवी चौकट, निळी चौकट. आणि एक तिसरी, जी मी आधी पाहिली नव्हती. 'इंदू सटन'च्या डावीकडे, समासात. तिच्या शेजारीच, तिच्याएवढ्याच उंचीची. नोंद काकांच्या नावावर होती, नोकरीच्या शेवटच्या दिवसाची. रंग हिरवा.

मी पान मोठं केलं, आणखी मोठं केलं. चौकटीच्या आत अक्षर नव्हतं, शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. जुना कागद होता नुसता, जरा पिवळा पडलेला. चौकटीतलं नाव टाइप करायच्या जागी काकांनी काहीच भरलेलं नव्हतं. तिथे हाक मारून बघावी म्हटलं तर मारायला नावच नव्हतं.

शेजारच्या मुलीनं विचारलं, "काय अडलंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

रिकाम्या जागेवरची चौकट नामंजूर करायची असा आमचा नियम होता, आणि तो मीच लिहिलेला होता. मी ती मंजूर केली आणि पान पुढे पाठवून दिलं.